निदान

आम्ही मोटारीतले जाणकार नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आमचा जन्म मराठी शिकवण्यात गेला. घरची भाषा तेलुगू आणि पोटाची भाषा मराठी, अशी सोलापूरच्या पूर्व भागातल्या हजारो घरांची जी स्थिती, तीच आमचीही. त्यामुळे शब्दांच्या मुळाशी जाण्याची जी खोड लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. ‘निदान’ हा शब्द आम्ही वर्गात अनेकदा फोडून दाखवला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मूळ कारण. वैद्यकात रोगाची ओळख. आणि मराठीत मात्र तो ‘कमीत कमी’ या अर्थानेही येतो. ‘निदान एवढे तरी कर’ असे म्हणताना कुणाला रोगाची आठवण होत नाही. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदतात, या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला आम्ही बहुधा बगल देत आलो. गेल्या संक्रांतीच्या सुमारास कुंभारीत एका मोटारीच्या निमित्ताने या शब्दाशी पुन्हा गाठ पडली, आणि या वेळी बगल देता आली नाही. त्याची ही हकीकत.

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की शहर मागे पडते न पडते तोच कुंभारी येते. गाव जुने, पण गेल्या वीस वर्षांत त्याचे नाव झाले ते विडी कामगारांच्या घरांमुळे. गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत येथे उभी राहिली आणि २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना मिळाली. पुढे याच परिसरात रे नगर ही ३०,००० घरांची वसाहत आली. त्यांपैकी १५,००० घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. आमची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, पहिल्या वसाहतीतली. आयुष्यभर विड्या वळून तिने दोन गोष्टी मिळवल्या : एक ते घर, आणि दुसरा मुलगा. मुलगा शिकला, पुण्यात नोकरीला लागला, आणि त्याने वर्षभरापूर्वी एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली.

गाडी २००८ सालची, १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, त्यावर टर्बो. कंपनीचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, हे पुढे दिसेलच. वसाहतीच्या अरुंद गल्लीत ती लालभडक गाडी प्रथम शिरली तेव्हा पोरे तिच्यामागे धावत आली होती, आणि अक्काने तिच्यावरून नारळ ओवाळला होता. ज्या घरात सायकलही हप्त्याने आली, त्या घरासमोर अशी गाडी उभी राहणे ही आम्हालाही सुखाची गोष्ट वाटली. हे कबूल केले पाहिजे, कारण पुढे आमच्या हातून जे झाले त्याचे मूळ या सुखातही आहे.

संक्रांतीला भाचा गाडी घेऊन आला तो उतरलेल्या चेहऱ्यानेच. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळीचा थर, मागे उभे राहिले तर कच्च्या पेट्रोलचा वास, गिअर बदलताना काळा भपकारा आणि एक हिसका. लिटरला अकरा किलोमीटर चालणारी गाडी सातावर आलेली. पॅनेलवर इंजिनाचा पिवळा दिवा. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने तपासून सांगितले होते की गाडी ‘रिच’ चालते आहे. कंट्रोल युनिट आणि टर्बो दोन्ही बदलावे लागतील. खर्च अंदाजे १,८०,००० रुपये.

“श्रीमंत चालतीय म्हणे,” अक्का म्हणाली, “मग वाईट काय त्यात?” आम्ही हसलो. पण संध्याकाळी ती आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, की भविष्यनिर्वाह निधीचे मिळालेले पैसे बँकेत ठेव म्हणून आहेत, ते मोडायचे कसे तेवढे सांग. तेव्हा हसू गेले. ती ठेव म्हणजे चाळीस वर्षांची तिची पाठ आणि बोटे होती.

येथे आमच्यातला शिक्षक जागा झाला. कारण शोधले पाहिजे! आणि कारण आमच्या नजरेसमोरच होते. डिसेंबरात भाचा आला असताना गाडीचे ऑइल आणि एअर फिल्टर बदलून घेतले होते ते रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या मिस्त्रीकडून. स्कूटर, टेम्पो, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा साठीचा माणूस. त्याच्यानंतर गाडी बिघडली. म्हणून त्याच्यामुळे बिघडली. दुसऱ्या दिवशी आम्ही भाच्याला घेऊन शेडवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणालो, “मिस्त्री, तुम्ही हात लावल्यापासून ही गाडी बिघडली आहे. झेपत नव्हते तर घ्यायची नव्हती.”

मिस्त्रीने हात पुसले. “गाडी ठेवून जावा सर,” एवढेच तो म्हणाला.

भाचा गप्प होता. त्याचे गप्प राहणे आम्हाला तेव्हा भिडस्तपणाचे वाटले.

आता ‘रिच’ म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या हिशेबाने त्याच्या १४.७ पट हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा. हवा यापेक्षा कमी पडली, किंवा पेट्रोल जास्त झाले, की मिश्रण ‘रिच’. उलट झाले की ‘लीन’. पूर्वी हे प्रमाण कार्ब्युरेटर सांभाळी. आता हवेच्या वाटेवर, फिल्टरच्या लगेच पुढे, एक मापक असतो. तो आत आलेली हवा ग्रॅममध्ये मोजतो, आणि तेवढ्या हवेला पुरेल इतके पेट्रोल सोडण्याचा हुकूम कंट्रोल युनिट देते. जळून झाल्यावर धुरात किती प्राणवायू उरला हे धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर पाहतो. हा सेन्सर बॉश कंपनीने १९७६ साली प्रथम व्होल्वोच्या गाडीत आणला. त्याच्या साक्षीवरून कंट्रोल युनिट पेट्रोल थोडे वाढवते किंवा घटवते. या दुरुस्तीच्या टक्केवारीला ‘फ्यूएल ट्रिम’ म्हणतात. ट्रिम अधिक असेल तर युनिट पेट्रोल वाढवते आहे. उणे असेल तर ते कमी करण्याची धडपड करते आहे. पहिल्याने लिहिलेला मजकूर दुसऱ्याने तपासावा आणि समासात दुरुस्ती करावी, तसा हा व्यवहार आहे. आमच्यासारख्याला तो चटकन समजला तो यामुळेच.

टर्बोची गोष्ट जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने त्याचे पेटंट १९०५ साली घेतले. प्रवासी मोटारींत तो रुळला तो १९७० च्या दशकात. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे. इंजिन तेच, पण हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पूर्ण जोरात असताना असे इंजिन मुद्दामच थोडे ‘रिच’ चालवतात, कारण जादा पेट्रोल आतली आच कमी करते. तेव्हा ‘रिच’ हा प्रत्येक वेळी रोगच असतो असेही नाही. मात्र तो नेहमीचा झाला की न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते, आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. गाडी चालत राहते आणि आतून झिजत जाते.

आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेलो तेव्हा मिस्त्रीचा मुलगा स्कॅनर जोडून बसला होता आणि मिस्त्री त्याला आकडे विचारीत होता. बाप अक्षरे ओळखतो, मुलगा पडदा ओळखतो. नोंदलेला कोड होता पी ०१७२, म्हणजे मिश्रण प्रमाणाबाहेर रिच. “हे तर नाकालाच कळालंय,” मिस्त्री म्हणाला, “कुठं आणि कवा, ते बघू.”

मग त्याने एकेक संशयित उभा केला. शेजारच्या गिऱ्हाइकाचे म्हणणे, हा सगळा इथेनॉलचा प्रताप. आमचा जिल्हा उसाचा, त्यामुळे इथेनॉलबद्दल प्रत्येकाला मत आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले हे खरे; परंतु इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्याला हवा कमी लागते. त्यामुळे मिश्रण लीन व्हायला हवे आणि ट्रिम अधिक दिसायला हवी. येथे ती उणे होती. इथेनॉल सुटले.

आम्ही म्हणालो, एअर फिल्टर. त्यात आमचा हेतू होता, कारण तो मिस्त्रीने बसवला होता. त्याने फिल्टर काढून उजेडात धरला. धूळ बेताची. शिवाय तो म्हणाला, की कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की गाडी रिच होई. येथे फिल्टरमधून जेवढी हवा येते तेवढीच मोजली जाते, त्यामुळे ताकद घटेल, प्रमाण फारसे बिघडणार नाही. मग पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. तो बिघडून ‘इंजिन थंड आहे’ असे सांगत राहिला तर युनिट पेट्रोल ओतत राहते. गाडी तापल्यावर आकडा ९० अंश. तो खरे बोलत होता. मग इंजेक्टर आणि पेट्रोलच्या दाबाचा रेग्युलेटर. ते गळत असते तर गाडी उभी असतानाच सर्वांत जास्त रिच असती, कारण तेव्हा पेट्रोलची गरज सर्वांत कमी असते आणि थोडी गळतीही डोळ्यांत भरते. रेग्युलेटरची बारीक नळी काढून पाहिली, कोरडी. उभ्या गाडीत ट्रिम उणे २ टक्के. म्हणजे जवळजवळ निरोगी. हवामापक सेकंदाला तीन ग्रॅम हवा दाखवीत होता. एवढ्या इंजिनाला ते रास्तच.

मग मुलाला स्कॅनरसह मागे बसवून मिस्त्रीने गाडी वळसंगच्या दिशेने नेली. आम्ही शेजारी. चौथ्या गिअरमध्ये हळूहळू दाबताना टर्बोचा दाब चढू लागला आणि मुलगा आकडे वाचू लागला : उणे ८, उणे १५, उणे २२. पाय काढला की खाली. पुन्हा दाबले, पुन्हा उणे २२.

“उभ्यानं बरी, दाबात आजारी,” मिस्त्री म्हणाला. “मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचत नाही. वाटेत कुठंतरी निसटालीय.”

प्राचीन वैद्यकातल्या माधवनिदान या ग्रंथात रोग ओळखण्याची पाच साधने दिली आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल, रूप म्हणजे लक्षणे, उपशय म्हणजे उपाय करून पाहणे, आणि संप्राप्ती म्हणजे रोग शरीरात कसा घडत गेला त्याचा क्रम. मिस्त्रीने हे नाव ऐकलेलेही नसेल. पण रूप त्याने पाहिले होते आणि संप्राप्तीही त्याच्या हाती आली होती. राहिली होती ती चाहूल. ती आम्हाला घरी मिळाली, आणि जिने गाडीत मोजून चार वेळा बसली असेल तिच्याकडून मिळाली.

जेवताना आम्ही अक्काला सारे समजावून सांगत होतो. मापकाने मोजलेली हवा, तिच्या हिशेबाने सोडलेले पेट्रोल, आणि वाटेत निसटलेली हवा. आम्हाला वाटले होते, तिला हे कळायला वेळ लागेल. ती म्हणाली, “म्हणजे कारखानदारानं पानं मोजून तंबाखू दिला, आणि पानं फाटकी निघाली. तंबाखू उरणारच की.” इतकी नेमकी उपमा आम्हाला सुचली नव्हती. तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून मिळतात. पाने वाया गेली तर हिशेब जुळत नाही आणि तो जुळवताना पदरमोड वळणाऱ्या बाईची होते. हे ती आयुष्यभर भोगत आली होती.

मग ताटावरून मान न उचलता तिने मुलाला विचारले, “ते फुस्स आवाज दिवाळीपासून यायलाय ना रे? आधी नव्हता.”

भाच्याचा घास हातातच राहिला.

तो आवाज आम्हीही ऐकला होता. गिअर बदलताना गाडीतून येणारा तो सुस्कारा टर्बोचाच असतो, अशी आमची समजूत होती. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामय्या, तो व्हॉल्व्ह मी बसवलाय. दिवाळीआधी. पुण्यात.”

पायाखालचे पॅडल सोडले की इंजिनाचे तोंड मिटते, पण टर्बो फिरतच असतो. दाबलेली हवा अडते आणि उलटी फिरून टर्बोच्या चक्रावर आदळते. म्हणून वाटेत एक झडप असते. ती अशा वेळी उघडून हवा पुन्हा टर्बोच्या आधीच्या नळीत सोडते. मापकाच्या पुढे, टर्बोच्या मागे. मोजलेली हवा आतल्या आत राहते. भाच्याने ही मूळ झडप काढून तिच्या जागी हवा बाहेर सोडणारी झडप बसवली होती, कारण तिचा आवाज होतो. शर्यतीच्या गाड्यांचा तो आवाज तरुणांना हवासा असतो. मात्र युनिटला हे ठाऊक नसते. ते मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडून मोकळे होते, आणि हवा फुस्स करून रस्त्यावर गेलेली असते. गिअर बदलतानाचा काळा भपकारा तो हाच.

“मिस्त्रीसमोर का नाही बोललास?” आम्ही विचारले.

“तुम्ही त्यांना बोललात. मग मला बोलताच आलं नाही.”

आम्ही त्याला रागावू शकलो असतो. पण आरोप आम्ही केला होता आणि त्या आरोपाच्या आडोशाला तो लपला होता. आडोसा आम्हीच उभा केलेला. मूळ झडप माळ्यावरच्या खोक्यात होती. ती घेऊन आम्ही तिघे शेडवर गेलो. तिसरी अक्का. ती का आली ते तिने सांगितले नाही.

भाच्याने स्वतःहून सारे सांगितले. मिस्त्रीने मान डोलावली. मग त्याने हवेच्या नळीचे तोंड बुचाने बंद केले, ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेल्या त्याच बुचातून कॉम्प्रेसरची अगदी बेताची हवा सोडली, आणि साबणाचे पाणी शिंपडले. नव्या चकचकीत झडपेभोवती फेस बुडबुडू लागला. तिची स्प्रिंग कमजोर होती; दाबाखाली ती पुरती मिटतच नव्हती. म्हणजे हवा केवळ गिअर बदलताना नव्हे, दाब असेपर्यंत सतत गळत होती. उणे २२ चा उलगडा झाला.

जुनी झडप बसली. काळे प्लग बदलले. पेट्रोलचा वास येणारे ऑइल काढून नवे भरले. पुन्हा वळसंगचा रस्ता, पुन्हा चौथा गिअर. मुलगा वाचत होता : उणे ३, उणे २, उणे ३. उपशय झाला. कंट्रोल युनिटही धड होते आणि टर्बोही. ऑइल आणि प्लग यांची किंमत सोडून मिस्त्रीने मजुरीचे ८०० रुपये घेतले.

परतल्यावर आम्ही त्याला विचारले, “तुम्हाला ती झडप आधी दिसली नव्हती?”

“काल सांजच्यालाच दिसली ओ सर.”

“मग लगेच का नाही सांगितले? एवढे सगळे तपासत कशाला बसलात?”

“तुम्ही चार माणसांत माझं नाव घेतलं होतं. मग फिल्टरपासून सगळं तपासून दाखवायलाच पाहिजे होतं.”

म्हणजे इंजिनाचे निदान आदल्या दिवशीच झाले होते. ती सारी उलटतपासणी, इथेनॉल, फिल्टर, सेन्सर, रेग्युलेटर, त्याने गाडीसाठी नव्हे तर स्वतःच्या नावासाठी केली होती. आम्ही मात्र एका पद्धतशीर माणसाची पद्धत पाहत आहोत अशा कौतुकात शेजारी बसलो होतो.

आयुष्यभर आम्ही विद्यार्थ्यांना सांगितले, की आधीचे ते कारण आणि नंतरचे ते कार्य असे मानू नका. संहिता वाचा, मग अर्थ लावा. आणि प्रत्यक्षात आम्ही काय केले? माणूस पत्र्याच्या शेडमध्ये बसतो एवढ्यावरून अर्थ लावला. त्या घरासमोरच्या लाल गाडीचा आम्हाला जो अभिमान होता, तो तिच्या मालकाकडे संशयाने पाहू देईना. मापक चुकीचा नव्हता, युनिटही चुकीचे नव्हते. आम्ही मोजले ते एक आणि आत पोचले ते दुसरेच.

त्या दिवशी शेडवर पुन्हा गिऱ्हाईक होते. पहिल्या दिवशीच्या चौघांपैकी दोघे तरी असावेत. आम्ही त्यांच्या देखत मिस्त्रीला म्हणालो, की चूक आमच्या घरातली होती, तुमची नव्हती, आम्ही चुकीचे बोललो. शब्द कोरडे निघाले. मिस्त्रीने “असू द्या की ओ” म्हणून पाना उचलला. क्षमा झाली की नाही, आम्हाला सांगता येणार नाही. बोललो चारचौघांत, निदान परत घ्यावे तेही चारचौघांत. लिहिता लिहिता शब्द आपोआप आला. मूळ कारण आणि कमीत कमी यांचे नाते कोशकार काय सांगतील ते सांगोत, आम्हाला आता ते तितकेसे दूरचे वाटत नाही. कारण कळल्यावर जे कमीत कमी करावेच लागते, ते केल्याशिवाय कारण कळले असे म्हणता येत नाही.

अक्काची ठेव बँकेतच आहे. भाचा दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाला तेव्हा ती दारात उभी होती. गाडी गल्लीच्या टोकाला वळली, मोठ्या रस्त्याला लागली, गिअर बदलल्याचे कळले. अक्का कान देऊन ऐकत होती. “गेला,” ती म्हणाली, आणि सूप मांडीवर घेऊन बसली.

चूक भूल द्यावी घ्यावी.